लाइट रोस्ट, आरओचं पाणी आणि नागपूरचा मे: मागवलेली चांगली कॉफी घरी आंबट-पाणचट का होते?

मनीषनगर_सकाळ

नमस्कार मंडळी,

चिकमंगळूरच्या एका छोट्या रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, २५० ग्रॅमचा पुडा आला आहे. पुड्यावर लिहिलंय: एस-७९५ (अरेबिकाची एक जात), वॉश्ड (गर धुऊन सुकवलेली), लाइट रोस्ट (हलकी भाजलेली), पोअर-ओव्हरसाठी (वरून पाणी ओतून गाळण्यासाठी) दळलेली. रोस्ट होऊन आज ९ दिवस झाले. सामान म्हणाल तर प्लास्टिकचा व्ही६० (कागद लावून कॉफी गाळायचा शंकूसारखा ड्रिपर, ०२ नंबर), कागदी फिल्टर, साधी इलेक्ट्रिक केटल आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा. ग्राइंडर नाही.

कृती अशी: १५ ग्रॅम कॉफी, २५० मिली पाणी. केटल बंद झाली की दोन मिनिटं थांबून ओतायचं, कारण उकळतं पाणी कॉफी जाळतं असं वाचलं आहे. सगळं पाणी १ मिनिट ५० सेकंदांत खाली उतरतं.

घरच्या आरओच्या पाण्यात (विरघळलेल्या क्षारांच्या टीडीएस मीटरवर २८) कप आंबट आणि पाणचट होतो. फ्लॅट स्कीमच्या बोअरचं पाणी (मीटरवर ६४०) उकळून वापरलं तर आंबटपणा जातो, पण चवही जाते. खडू घातल्यासारखं सपक लागतं, आणि केटलच्या तळाला पांढरा थर बसतो.

विचारायचं ते असं. पाणी नेमकं कसं करावं? ९,००० रुपयांत आधी काय घ्यावं, ग्राइंडर की बाकदार तोंडाची केटल? पुढचा पुडा एप्रिल-मेमध्ये येईल, तेव्हा ४५ अंशांत बीन्स टिकवायचे कसे? आणि घरातले बाकी तिघं दुधाचीच कॉफी पितात, त्यांच्यासाठी हेच बीन्स चालतील का?

---

कन्हानकाठ

पाण्यापुरतं मी लिहितो. दळण आणि कृतीचं दुसरं कोणी सांगेलच.

तुमच्या दोन्ही कपांचं कारण एकच आहे, फक्त दोन टोकांना. कॉफीला पाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या लागतात, आणि टीडीएस मीटर त्या दोन्हीची बेरीज करून एकच आकडा दाखवतं. खरं तर ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं.

पहिली गोष्ट कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. कॉफीतली चव बाहेर ओढायला यांची मदत होते. दुसरी गोष्ट क्षारता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. हे आम्ल मारतं. आरओच्या पाण्यात दोन्ही जवळजवळ नाहीत. त्यामुळे कॉफीतलं आम्ल जसंच्या तसं जिभेवर येतं आणि त्याला आधार द्यायला बाकी चव निघालेली नसते: आंबट आणि पाणचट. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट इतकं असतं की लाइट रोस्टमधलं सगळं आम्ल तिथेच संपतं: सपक. केटलचा पांढरा थर हाच त्याचा पुरावा. तापवल्यावर बायकार्बोनेट मोडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा चुनखडा, तळाला बसतो.

लक्ष्य काय ठेवायचं? स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या पाण्याच्या मानकात टीडीएस १५० मिग्रॅ प्रति लिटर आणि क्षारता ४०च्या आसपास धरली आहे. घरी मी सांगेन: कठीणपणा ६० ते ८०, क्षारता ३० ते ४०, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. कठीणपणा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो. क्षारता ७०च्या वर गेली की मात्र वॉश्ड कॉफी मेलीच समजा.

आता रस्ता. बोअरचं पाणी थेट मिसळू नका. विदर्भात बऱ्याच ठिकाणी भूजलात नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असतं, आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. आरओच्या मशीनवर टीडीएस वाढवायचा स्क्रू असतो, तोही बोअरवर चालणाऱ्या मशीनला फिरवू नका. तो स्क्रू मेम्ब्रेनला वळसा घालून न गाळलेलं पाणी आत सोडतो. कॉर्पोरेशनचा नळ असेल, पेंचचा असो की कन्हानचा, तर गोष्ट वेगळी. ते पाणी यूव्ही-यूएफमधून काढून आरओत मिसळता येतं.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे आरओच्या पाण्यात दोन द्रावणं घालणं.

पहिली बाटली: ५०० मिली आरओ पाण्यात १२.३ ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट.
दुसरी बाटली: ५०० मिली आरओ पाण्यात ८.४ ग्रॅम खायचा सोडा.

१ लिटर आरओ पाण्यात पहिलीतलं ६ मिली आणि दुसरीतलं ३ मिली घाला. म्हणजे कठीणपणा ६० आणि क्षारता ३० वाढते, आरओत जे थोडं आधीच आहे ते वेगळं. मापाला औषधाच्या दुकानातली ५ किंवा १० मिलीची सिरिंज घ्या. नवा ०.१ ग्रॅमचा काटा येईपर्यंत थांबा, १ ग्रॅमच्या काट्यावर ८.४ मोजता येणार नाही.

यात चार चुका होतात, म्हणून ठळक सांगतो. खायचा सोडा म्हणजे बेकिंग पावडर नाही. पावडरमध्ये आम्ल आणि स्टार्च असतात. एप्सम सॉल्ट औषधी किंवा खाद्य दर्जाचंच हवं. कृषी केंद्रात कपाशीच्या लाल्यासाठी मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट नावाला तेच आहे, पण ते फवारणीचं आहे, पोटात घ्यायचं नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरू नका, ते पिण्यासाठी भरलेलं नसतं. आणि दोन्ही द्रावणं एकाच बाटलीत करू नका, इतक्या दाट प्रमाणात साका धरू शकतो. दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, महिन्याभरात संपवा, गढूळ दिसली तर ओतून द्या.

सगळं करण्याआधी एक कप फक्त या पाण्यात करून पाहा. बाकी काही बदलू नका. फरक पहिल्याच घोटाला कळतो.

---

दाणेदळण

पाण्याबद्दल वर लिहिलंय त्याला +१. पण भाऊ, पाणी सुधारलं तरी तुमचा कप निम्माच सुधारेल, कारण १ मिनिट ५० सेकंद हा आकडा दळणाची तक्रार सांगतोय.

हिशेब असा. भाजलेल्या कॉफीच्या वजनातला साधारण २८ ते ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. त्यातला १८ ते २२ टक्के कपात आला तर चव भरते. त्याच्या खाली राहिलात की आंबट, खारटसर, पोकळ. तुमच्याकडे तीन गोष्टी एकाच दिशेने ओढतायत: दळण जाड, पाणी थंड, आणि आरओत खनिजं नाहीत. तिन्हींनी कॉफी कमी उतरते.

पाणी थंड करणं आजच बंद करा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, म्हणजे इथे पाणी ९९ अंशांना उकळतं. केटलमधून ओतताना ते आणखी काही अंश उतरतं, आणि ओल्या कॉफीच्या थरात त्याहून खाली. दोन मिनिटं थांबलात की प्रत्यक्षात ८५च्या घरात काम चालतं. डार्क रोस्टला ते चालेल, कारण तो ठिसूळ आणि पटकन सुटणारा असतो. लाइट रोस्टचा दाणा घट्ट असतो, त्याला केटल बंद झाल्याबरोबर ओतलेलं पाणीच हवं. कॉफी पाण्याने जळत नाही. ती रोस्टरकडे २०० अंशांच्या आसपास भाजून आलेली असते.

तुमचा व्ही६० प्लास्टिकचा आहे, तो बदलू नका. सिरॅमिकपेक्षा तो कमी उष्णता खातो. डिसेंबरात पारा १०-१२ला येतो तेव्हा हा फरक कपात कळतो.

९,००० मध्ये काय. निम्म्याहून जास्त पैसे हाताच्या ग्राइंडरला. स्टीलचे बर (दाणे दळणारे दातेरी भाग), ३८ मिमी किंवा त्याहून मोठे, आणि दांड्याला दोन्हीकडे बेअरिंग. दांडा एकाच टोकाला धरलेला असेल तर दळताना बर हलतं आणि एकाच घाण्यात पीठ आणि रवा दोन्ही पडतात. पिठातून चव जास्त निघते, रव्यातून कमी, म्हणून कप एकाच वेळी कडू आणि आंबट लागतो. मिक्सरच्या भांड्यात हेच आणखी वाईट होतं, शिवाय पातं दाणा कापत नाही, आपटून फोडतं. मिक्सरला पर्याय म्हणून बघत असाल तर काहून पैसे घालवता, दळलेलीच मागवा.

मग ०.१ ग्रॅमचा, टायमर असलेला काटा. मग कागद. बाकदार केटल सगळ्यात शेवटी. सध्याच्या केटलमधून बारीक तोंडाच्या चहाच्या किटलीत पाणी घ्या, किटली आधी गरम पाण्याने विसळून. भागतं.

ग्राइंडर आल्यावर सेटिंग. आधी शून्य शोधा: रिकामा ग्राइंडर आवळत जा, हँडल स्वतःच्या वजनाने पडेनासं झालं की ते शून्य. तिथून क्लिक मोजा. टाइममोर सी२ सारख्या ग्राइंडरवर व्ही६०साठी १८ ते २४ क्लिक ही सुरुवात. आकडा पाठ करू नका, दोन ग्राइंडरचं शून्य सारखं नसतं. वेळ पाहा:

० सेकंद: ४५ ग्रॅम पाणी, ड्रिपर हलकासा गोल फिरवा, सगळी पूड भिजली पाहिजे.
४५ सेकंद: काट्यावर १५० होईपर्यंत, मधून बाहेर गोल, कागदावर पाणी न मारता.
१ मिनिट १५ सेकंद: २५०पर्यंत, मग पुन्हा एकदा हलकं फिरवा.
संपायला हवं: २ मिनिटं ४५ सेकंद ते ३ मिनिटं १५ सेकंद.

लवकर संपलं आणि आंबट लागलं तर २ क्लिक बारीक. साडेतीन मिनिटांच्या पुढे गेलं आणि जीभ कोरडी पडली तर २ क्लिक जाड. चव बरोबर पण पातळ वाटत असेल तर दळणाला हात लावू नका, कॉफी १५ची १६ करा. ही गल्लत फार होते. *पातळ* आणि *आंबट* हे दोन वेगळे आजार आहेत: पहिला प्रमाणाचा, दुसरा उताऱ्याचा.

कागद आधी १०० मिली गरम पाण्याने धुवा. कागदाचा वास जातो, ड्रिपर तापतो, कागद भिंतीला चिकटतो. ते पाणी टाकून मग कॉफी.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक त्रास: हवा इतकी कोरडी असते की दळताना पूड विजेने भारून डब्याला आणि ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते. १५ ग्रॅम दाण्यांवर पाण्याचा एकच थेंब टाका, चमच्याच्या दांड्याने ढवळा, मग दळा. थेंब म्हणजे थेंब, शिंपडणं नाही. खोलीत कूलर चालू असेल तर बहुधा याचीही गरज पडत नाही.

बर पाण्याने धुऊ नका, ब्रशने साफ करा. कच्चे तांदूळ दळून साफ करायची युक्तीही नको. तांदूळ कॉफीच्या दाण्यापेक्षा टणक असतो, हाताच्या ग्राइंडरची अलाइनमेंट बिघडू शकते.

---

मनीषनगर_सकाळ

दोघांचेही आभार. म्हणजे क्रम असा: पाणी, मग उकळतं ओतणं, मग ग्राइंडर. एक शंका: हा पुडा तर दळलेलाच आहे आणि जाड आहे. तो वाया गेला का? निम्म्याच्या वर उरला आहे.

---

दाणेदळण

वाया नाही. व्ही६० सोडा आणि तीच पूड भिजवून करा. ३० ग्रॅमला ५०० मिली उकळतं पाणी, फ्रेंच प्रेस नसेल तर झाकणाच्या कोणत्याही स्टीलच्या भांड्यात. ४ मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडा, फेस आणि तरंगता भुगा काढून टाका, आणखी ५ मिनिटं शांत ठेवा. भुगा खाली बसतो. मग न हलवता वरून गाळून घ्या. भिजवण्यात वेळ आपल्या हातात असतो, म्हणून जाड दळणही पुरतं उतरतं.

---

पुडा_आणि_तारीख

बीन्स आणि उन्हाळ्याचं मी घेतो. व्ही६०च्या जागी नवख्याने एरोप्रेस (दट्ट्याने दाबून कॉफी गाळायची नळी) घ्यावा असं माझं मत आहे, पण सामान आधीच घेतलेलं आहे, तेव्हा तो वाद नको. फक्त कृती नोंदवून ठेवतो: १३ ग्रॅम, व्ही६०पेक्षा थोडं बारीक, २०० मिली उकळतं पाणी, ढवळा, दट्ट्या वरून बसवा म्हणजे खालून गळायचं थांबेल, २ मिनिटं, हलकं फिरवा, ३० सेकंद थांबा, मग ३० सेकंदांत सावकाश दाबा. ओतायचं कसब लागत नाही, म्हणून पाणी किंवा दळण तपासायचं असेल तर चाचणीला हेच बरं.

रोस्टरला काय विचारायचं. छोट्या रोस्टरकडून घेण्याचा फायदा हाच की उत्तर मिळतं. पहिला प्रश्न: पीक कोणत्या हंगामाचं? कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. सुकवणी, मिलिंग, ग्रेडिंग होऊन नवं पीक रोस्टरकडे मार्च-एप्रिलच्या पुढे पोचतं. म्हणजे फेब्रुवारीत तुम्ही घेताय ते बहुतेक मागच्या वर्षीचं. त्यात वाईट काही नाही, पण कच्चे दाणे नीट साठवले नसतील तर चवीत गोणपाट आणि कोरडं लाकूड येतं. दुसरा प्रश्न: तुमच्या कृतीसाठी किती दिवस विसावा द्यायचा?

या विसाव्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. ताजी म्हणजे काल भाजलेली, असं कॉफीत नसतं. भाजल्यावर दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. तो निघाला नाही तर ब्लूमच्या वेळी, म्हणजे पहिलं थोडं पाणी घालून थांबतो तेव्हा, थर फुगतो, पाणी दाण्यात शिरत नाही आणि कप पुन्हा आंबटच. मिडियम रोस्टला ५ ते ७ दिवस, लाइट रोस्टला १० ते १४. तुमचा पुडा ९ दिवसांचा होता, म्हणून थोडा लवकरच उघडला गेला म्हणा. अर्थात तो दळलेला होता, आणि दळल्यावर वायू झपाट्याने जातो, सोबत वासही. त्यामुळे तुमच्या कपात विसाव्याचा दोष कमी, दळणाचा जास्त. पुढच्या वेळी अख्खे दाणे मागवले की हे दिवस मोजायला लागा.

किती मागवायचं. २५० ग्रॅमला १५च्या मापाने १६ कप. एकटे पिणार असाल तर एक पुडा दोन आठवडे. अख्खे दाणे असतील तर उघडल्यावर तीन आठवडे चव टिकते, पुढे उतरत जाते. किलोचा पुडा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका.

एप्रिल-मे. उष्णता १० अंशांनी वाढली की शिळं होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ४५ अंशांत कुरिअरच्या पत्र्याच्या गाडीत आत किती होत असेल ते आपल्याला सांगायला नको. रोस्टरला सांगा: सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, म्हणजे पार्सल शनिवार-रविवार गोडाउनात पडून राहणार नाही. विसावा रोस्टरकडेच होऊ द्या, तिथली हवा थंड असते. १० दिवस झालेला पुडा मागवा आणि आला की वापरा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या दिवसांत शक्यतो काहीच मागवू नका, मेच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

घरात स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर पुडा ठेवू नका, छतालगत सगळ्यात जास्त ताप असतो. खालचं, भिंतीआतलं कपाट बरं. पुडा स्वतःच चांगला डबा आहे: एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, झिप असते. हवा दाबून काढा आणि बंद करा. काचेच्या मोठ्या बरणीत थोडे दाणे उरले की वर सगळी हवाच असते, ती नको.

*फ्रिज नको, फ्रीझर चालतो.* फ्रिजमध्ये ओल आणि भाजी-मसाल्याचे वास. फ्रीझरमध्ये मात्र कॉफी महिनोन्‌महिने थांबते, अट एकच: १५-१५ ग्रॅमच्या हवाबंद पुड्या आधीच बांधा. लागेल ती एक काढा, लगेच दळा, उरलेल्यांना हात लावू नका. गोठलेला दाणा दळायला हरकत नाही. मोठा पुडा रोज काढून-ठेवून करणं सगळ्यात घातक. थंड दाण्यांवर हवेतली ओल जमते, आणि जुलै-ऑगस्टात तर दोन मिनिटांत.

---

खामला_फिल्टर

दुधाच्या कॉफीचं उत्तर राहिलं आहे, आणि घरात चारातले तिघं तीच पितात तर ते आधी यायला हवं होतं.

ताई/दादा जे असाल, हा लाइट रोस्ट दुधात घालू नका. आंबटपणा दुधाबरोबर फाटल्यासारखा लागतो आणि दुधाखाली चव दबतेच. त्यांच्यासाठी वेगळा पुडा मागवा: मिडियम-डार्क, शक्यतो अरेबिकासोबत २० ते ३० टक्के चांगला वॉश्ड रोबस्टा. रोबस्टा हे हलक्या प्रतीचं नाव नाही. नीट धुऊन सुकवलेला कूर्ग किंवा वायनाडचा रोबस्टा दुधाला जो दाटपणा देतो तो अरेबिका एकटी देत नाही.

यंत्र काही नको. दक्षिणी पितळी किंवा स्टीलचा फिल्टर बास.

२४ ग्रॅम कॉफी, दळण व्ही६०पेक्षा बारीक, एस्प्रेसोपेक्षा जाड, बोटात घेतलं तर बारीक रव्यासारखं. वरच्या भांड्यात भरून छत्रीने (आतल्या दांड्याच्या चकतीने) *हलकंच* बसवा. जोर लावलात तर पाणी वरच उभं राहतं. १२० मिली उकळतं पाणी, आधी २५-३० मिली घालून ३० सेकंद, मग उरलेलं. झाकून १५ ते २० मिनिटं. कॉफी आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे ४८ मिली वरच राहील आणि खाली ७० मिलीच्या आसपास डिकॉक्शन. ते दोघांना पुरतं, ३५ मिलीला १०० ते १२० मिली गरम दूध. तिघांसाठी ३६ ग्रॅम आणि १८० मिली.

बाजारच्या पावडरीची सवय असेल तर एक इशारा. त्यात चिकरी असते, ती पाणी अडवते आणि रंग-दाटपणा देते. शुद्ध कॉफीत ती नाही, म्हणून पाणी लवकर उतरतं आणि डिकॉक्शन फिकं दिसतं. त्याला घाबरून पाणी कमी करू नका, दळण एक-दोन क्लिक बारीक करा. ५ मिनिटांत सगळं उतरलं तर जाड आहे, अर्ध्या तासानेही वर पाणी असेल तर फार बारीक किंवा छिद्रं बुजली आहेत. छिद्रं बुजली असतील तर फिल्टर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात उकळा, सुई घालून छिद्र मोठं करू नका.

दूध तापवा, पण रटरट उकळू नका. आणि डिकॉक्शन गॅसवर पुन्हा तापवायचं नाही, गरम दुधानेच ते गरम होऊ द्या.

---

मनीषनगर_सकाळ

दादाच आहे. मिसळायचं पाणी उद्या करतो. मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात कठीणपणा-क्षारता मोजायचं थेंबाचं किट मिळतं असं दिसलं. घ्यावं का? आणि मेमध्ये गरम कॉफी कोणाला जाणार नाही, तर याच बीन्सची थंड कशी?

---

कन्हानकाठ

किट जरूर घ्या, मीटरपेक्षा त्याचा उपयोग जास्त. त्यात जीएच म्हणजे कठीणपणा आणि केएच म्हणजे क्षारता. एका थेंबाला एक जर्मन डिग्री, म्हणजे १७.९ मिग्रॅ प्रति लिटर. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाणी घेतात, पण पत्रक वाचून खात्री करा. आकडा बारीक हवा असेल तर दुप्पट पाणी घ्या आणि थेंबांची संख्या निम्मी धरा. तुमच्या लक्ष्याला केएच सुमारे २ थेंब आणि जीएच ३ ते ४ यायला हवेत.

नातेवाईकांकडे, ऑफिसात नळाचं पाणी असेल तर याच किटने मिसळण्याचं प्रमाण निघतं. समजा नळाच्या पाण्याचं केएच ८ थेंब आलं, म्हणजे १४३. आपल्याला हवं ३६. मग एक भाग नळाचं गाळलेलं आणि तीन भाग आरओ. हिशेब नेहमी केएचवरून करा, जीएच आपोआप चालण्याजोगा येतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी सारखं नसतं, म्हणून जूनच्या शेवटी आणि मार्चमध्ये पुन्हा मोजा.

केटलमधला जुना थर आधी काढा, नाहीतर तो नव्या पाण्यातही थोडा विरघळत राहतो. १ लिटर पाण्यात १५ ते २० ग्रॅम लिंबूफूल, किराण्यात मिळतं ते सायट्रिक ॲसिडच, एक उकळी, २० मिनिटं तसंच, मग दोनदा साधं पाणी उकळून टाकायचं.

---

दाणेदळण

थंड कॉफीचं. लाइट रोस्टला बर्फावर गाळणं उत्तम, कोल्ड ब्रू नाही. खालच्या भांड्यात १२० ग्रॅम बर्फ, वर व्ही६०त २० ग्रॅम कॉफी, त्यावर २०० मिली उकळतं पाणी. एकूण ३२०, म्हणजे जवळजवळ नेहमीचंच प्रमाण, फक्त त्यातलं पाणी विभागलेलं. पाणी कमी असल्यामुळे दळण नेहमीपेक्षा २ क्लिक बारीक करा, नाहीतर पुन्हा आंबट. ब्लूमला ६० ग्रॅम, मग दोन ओतात संपवा. बर्फ त्याच तयार केलेल्या पाण्याचा लावा. बोअरच्या पाण्याचा बर्फ वितळला की सगळी मेहनत त्यात जाते, कारण कपातलं एक तृतीयांशाहून जास्त पाणी तोच आहे.

कोल्ड ब्रू करायचाच असेल तर दुधाच्या पुड्याचा करा: ६० ग्रॅम जाड दळण, ५०० मिली पाणी, झाकणाच्या बरणीत, *फ्रिजमध्ये* १४ ते १६ तास. ओट्यावर ठेवून करायची कृती थंड हवेच्या गावची आहे. आपल्याकडे मेमध्ये रात्री स्वयंपाकघर ३५च्या खाली येत नाही, तेवढ्यात ते आंबायला लागतं. आधी जाळीने, मग कागदाने गाळा. गाळलेलं फ्रिजमध्ये तीन दिवस, चौथ्या दिवशी टाका.